संडासामागचा बेंड

मी चार इंची पीव्हीसी बेंड, पाइपाला वळण देणारा तुकडा. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमागे, बायकांच्या संडासाखाली माझी जागा आहे. माझ्याकडे कुणी बघत नाही, त्याचा राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

या शेडमध्ये चाळीस बायका दिवसभर द्राक्षं निवडतात. इतकी वर्षं त्यांच्यासाठी संडासच नव्हता. बाहेर जायला लागू नये म्हणून विमलाबाई सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. शेवटी माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी ठरली, तेव्हा मालकांनी घाईघाईत संडास बांधला.

मला बसवायला चंदर प्लंबर आला. पाइप आणि मी एकजीव व्हायचं तर मध्ये सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव, लागतं. त्याचा डबा चंदरच्या पिशवीत होता. पण सुपरवायझर जयराम त्याला म्हणाला, तपासणीचे साहेब निघालेत, आता नुसतं बसव. चंदरने मला कोरडंच पाइपवर ढकललं. खाली टेकूसुद्धा दिला नाही. साहेबांनी दारातून फोटो काढला, पाणी ओतून पाहिलं नाही आणि ते गेले. चंदर परत फिरकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी निसटलो. घाण शेडच्या भिंतीपर्यंत वाहत गेली. जयरामने दाराला कुलूप घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बायकांना संडास वापरायची अक्कल नाय."

मला तोंड असतं तर तिथेच त्याला सुनावलं असतं. चूक त्या दोघांची आणि बोल बायकांना!

विमलाबाईंनी पुन्हा पाणी पिणं सोडलं. आठ दिवसांनी लघवीची जळजळ आणि ताप घेऊन त्या निफाडच्या दवाखान्यात दाखल झाल्या.

त्यांच्या शेजारी बसून द्राक्षं निवडणारी शकुबाई नवऱ्याबरोबर बारा वर्षं प्लंबिंगची कामं करत हिंडलेली. ती पॉलिश पेपर आणि सोल्युशनचा डबा घेऊन आली आणि जयरामपुढे उभी राहिली.

"किल्ली द्या. नायतर उद्यापासून एक बाई मालाला हात लावणार नाय."

मागे सगळ्या बायका उठून उभ्या होत्या. जयरामने किल्ली दिली.

शकुबाईने मला धुतलं, पुसून कोरडं केलं, घासलं. माझ्या आत आणि पाइपच्या टोकाला सोल्युशन लावलं. मला शेवटपर्यंत दाबून थोडं फिरवलं आणि तसंच घट्ट धरून ठेवलं. खाली विटांचा टेकू दिला. उद्यापर्यंत पाणी टाकायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं.

आता मी सुटत नाही. विमलाबाई कामावर परतल्या आहेत, पण अजून औषध चालू आहे. जयराम रोज त्यांच्यासमोरून जातो. त्याने अजून माफी मागितलेली नाही.

जोडणी करणाऱ्यांनो, सोल्युशनला दोन मिनिटं लागतात. ती वाचवायची असतील, तर आधी स्वतःच्या घरचा संडास तसा बसवा आणि तुमच्या आईला तो वापरू द्या.