झीलकऱ्याची जागा

हरिदास गात नसे, बोलत असे. ढोलकी चालू झाली की त्याच्या तोंडून शब्द असे सुटत, जसे कोळशाच्या ट्रकचा मागचा फाळका उघडल्यावर ढेकळं सुटतात, खडखडत, एकावर एक. श्वास घ्यायला तो थांबे ते कडव्याच्या अगदी टोकाला, शेवटचा शब्द उरला असताना. तो शब्द त्याचा नव्हता. तो झीलकऱ्याचा. मागे उभा असलेला खुशाल तो शब्द झेलायचा आणि असा उंच न्यायचा की पेंडॉलमधल्या बाया डोक्यावरचा पदर सावरून वर पाहत.

घुग्घुसच्या बुद्धविहारापुढे जयंतीला हीच जोडी उभी राही. दोघं एकाच खाणीत लोडर, दोघांची पाळी एक. हरिदास टोपलं उचलता उचलता कडवं जुळवी आणि शेवटाला नुसता मान वळवून पाही. शब्द खुशालनं द्यायचा. अशी कित्येक वर्षं गेली. हरिदासच्या जिभेला शेवटचा शब्द उच्चारायची सवयच उरली नाही.

मग नागपूरच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस आला. त्याला हरिदास एकटा हवा होता. कोरस म्हणे त्यांचा तिथलाच. हे सांगायला हरिदास खुशालच्या दारात आला तेव्हा बसला नाही. खुशालच्या बायकोनं, अंजनाबाईनं, चहा ठेवला होता, तो तसाच उकळत राहिला. खुशाल म्हणाला, जा ना भाऊ, मी कुठी अडवून राह्यलो. आणि तो गेल्यावर चहा दोन्ही कपांत ओतून दोन्ही कप स्वतःच प्याला.

कॅसेट आली पावसाळा सरता सरता. वारलूच्या हॉटेलात टेप होता. पाळी सुटल्यावर माणसं काळ्या हातांनीच बाकावर टेकली. वारलूनं बटण दाबलं. कोरसच्या पोरींनी धृपद गाऊन घेतलं, ढोलकी धावली, आणि हरिदास सुटला:

खाली कोळसा, वर धुराळा, मधात काळे हात,
उजेड गेला शहराले, आमच्या घरी...

आणि तिथं काहीच नव्हतं. ढोलकी एक आवर्तन रिकामी फिरली आणि पुढचं कडवं सुरू झालं. त्याच्याही शेवटी तसंच. कोरसला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि हरिदासनं सवयीनं जागा सोडली होती. सगळी कॅसेट अशी, दात पडलेल्या तोंडासारखी.

वारलूनं खुशालकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. 'रात' हा शब्द खुशालच्या गळ्याशी येऊन उभा होता. त्यानं तो गिळला आणि बिडी पेटवली. आत त्याला इतकं गोड वाटत होतं की चेहरा लपवायला धूर पुरेना. घरी जाऊन तो अंजनाबाईला म्हणाला, "लंगडी निंगाली वो कॅसेट. एका पायाची."

"तुमाले काऊन एवढा आनंद झाला?" ती म्हणाली. तांदूळ निवडताना तिची मान वर झाली नाही.

तो आनंद फार टिकला नाही. नागपूरच्या पेपरात कॅसेटवर लिहून आलं. नानाजी मास्तरांनी हॉटेलात मोठ्यानं वाचलं. हरिदासचा फोटो होता आणि खाली होतं की, हा गायक कडव्याचा शेवटचा शब्द उच्चारत नाही, श्रोत्याच्या ओठांवर ठेवून जातो. बोलण्यापेक्षा न बोलण्याची अशी हिंमत लोकगायनात क्वचित दिसते. ऐकणारे माना डोलवू लागले. ज्यांनी खुशालला वर्षानुवर्षं तो शब्द झेलताना पाहिलं होतं, तेही.

खुशालला कळेना हा कसला मत्सर. माणूस दुसऱ्याच्या शेताचा करतो, बायकोचा करतो, नोकरीचा करतो. त्याला आपल्याच नसण्याचा मत्सर वाटत होता. तो होता तेव्हा त्याच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. तो नव्हता, त्या भोकाचं नाव झालं.

जयंतीला हरिदास नागपूरहून आला, जीपमध्ये. आधी खुशालच्या दारात. या वेळी बसला, पाट ओढून. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, लटारू ढोलकीवाल्याच्या गुडघ्याचं, नव्या मॅनेजरचं. मग म्हणाला, "रेकॉर्डिंगले कानाले ते डबडं लावलं होतं ना गा. मले तुया आवाज आयकू येत होता. म्हनून थांबत गेलो. बाहेर निंगाल्यावर समजलं, तू नोयतास."

खुशालला वाटलं, हे बोलणंही कडव्यासारखंच सुंदर आहे, आणि तेही यालाच सुचलं. तो म्हणाला, मले मागं उभं राहता येत नाही, मायी पाळी हाये. हरिदासनं ओळखलं की पाळी नाही.

खुशाल पेंडॉलच्या बांबूला टेकून, गर्दीत उभा राहिला. कॅसेटमधली कडवी लोकांना पाठ झाली होती. हरिदास थांबे आणि हजार तोंडं शब्द टाकत. मग शेवटी त्यानं लटारूला हात केला आणि कुणी न ऐकलेलं कडवं काढलं:

दोघांनी मिळून पेरला गा शबदाचा मळा,
पीक आलं तवा पडल्या एकाच्याच गळा...

थांबला. पुढून कुणी काही म्हटलं, कुणी काही. हरिदासनं मान हलवली. त्याची नजर माणसं ओलांडत बांबूपर्यंत आली आणि तिथं राहिली.

माळा. दुसरा शब्दच नव्हता. खुशालच्या जिभेवर तो पिकल्या मोहाच्या फुलासारखा जड झाला होता. पण आपण तो टाकला की कडवं पुरं होईल. हरिदासच्या चुकीलाही टाळ्या पडतील, माफीलाही, मोठेपणालाही. आणि आपण पुन्हा मागे उभे. त्यानं दातावर दात ठेवले. लटारूची ढोलकी फिरली, फिरली, मंद झाली, थांबली. हरिदासनं माईकवरून हात काढला आणि खाली उतरला. जाताना तो खुशालच्या दारात थांबला नाही.

आठवड्यानं पेपरात पुन्हा आलं. घुग्घुसच्या कार्यक्रमात गायकानं शेवटचं कडवं पूर्ण शांततेत सोडून दिलं, ही त्याच्या कलेची नवी उंची. नानाजी मास्तरांनी ते दोनदा वाचलं.

त्या दिवशी खुशाल कोपऱ्यातल्या बाकावर बसला. टेपवर कॅसेट लागलेलीच होती. काळे हात, शहराचा उजेड, आमच्या घरी... आणि त्याच्या नकळत, थकलेल्या माणसाच्या तोंडून निघावा तसा, शब्द निघाला.

"रात."

वारलूनं कपबशी पुसता पुसता मागे पाहिलं. "खुशालभाऊ, चूप राह्य ना जरा," तो म्हणाला. "तेच त आयकाचं हाये."