एकोणीस दिवसांचे चुकलेले उत्तर

मी एक जुना संगणक आहे. किर्गिझस्तानातल्या नारिन गावी, उमसुनायबाईंच्या घरात, नदीकडच्या खिडकीपाशी माझी जागा आहे. बाई शाळेत गणित शिकवतात. शाळेने मला मोडीत काढले, तेव्हा त्यांनीच मला घरी आणले आणि एक वेगळे काम दिले: मूळ संख्या शोधायची. एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी, आणि तीही लाखो अंकांची!

मित्रांनो, किती सुखाचे होते ते दिवस! धुक्यातल्या मेंढ्यांसारखे अंक माझ्यातून सरकत राहायचे. माझ्या शेजारी बसून बाईंच्या सासूबाई, बुरुलचा त्यांचे नाव, गालिच्यासाठी लोकर पिंजत. तिचे तंतू उन्हात तरंगत यायचे. मला वाटे, ढगच घरात आले.

एकोणिसाव्या दिवशी मी उत्तर दिले: ही संख्या मूळ आहे. बाईंनी सासूबाईंना मिठी मारली. बोरसोक, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळले गेले. शाळेत समारंभ ठरला.

रीतीप्रमाणे बाईंनी तीच संख्या बिश्केकच्या मैत्रिणीकडे पडताळायला दिली होती. समारंभाच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला: मूळ नाही.

बाईंनी माझे झाकण उघडले. पंख्याभोवती लोकरीचा बोळा! तापून तापून माझी स्मृती कुठेतरी एक अंक चुकली होती.

"माझ्याच लोकरीनं घात केला गं," सासूबाई पुटपुटल्या.

"नाही आई, पंखा पुसायचं काम माझं होतं."

भेटायला आलेले विज्ञानाचे कादिरबेक सर म्हणाले, "अहो बाई, उद्या संख्या मूळच आहे असं सांगून मोकळ्या व्हा. एवढे अंक इथं कोण तपासणार आहे?"

"कोणीच नाही. म्हणून तर खोटं बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सभागृहात, मला शेजारी ठेवून, बाईंनी सगळे सांगितले. मागून कोणी हसले, "भंगारातल्या डब्याकडून आणखी काय होणार!" बाईंचे कान लाल झाले.

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. "हसताय काय? स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगून बघा एकदा! सूनबाई, पुढची संख्या कधी लावतेस?"

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ वेळच्या वेळी पुसत जा. आमच्यावर विश्वास ठेवा, पण उत्तर पडताळूनही घ्या. मला आता नवी स्मृती बसवली आहे. नव्या संख्येचा आज सातवा दिवस. ती मूळ आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. बाई मधूनच हात पुसत येतात, माझा पंखा ऐकतात आणि म्हणतात, "सावकाश रे."