सैल केलेली कंबर

टेलरबाईंच्या नवऱ्याने आडवं होऊन झोपणं सोडलं, त्याला तीन आठवडे होत आले होते. आडवा झालो की थोरला येऊन छातीवर बसतो, असं तो म्हणे. थोरल्या भावाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाई पाठीशी उशा रचून देत आणि तो बसल्या बसल्या डुलक्या काढी. त्याच्या श्वासाची शिट्टी ऐकत त्या पडून राहत. खोलीत तिसरं कुणी आहे का, हे मान वळवून बघायची त्यांची हिंमत होत नसे.

हृदय थकलंय, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. बाईंना जास्त खुपे ते त्याचं ताट. एकेकाळी पातेलं पुसून खाणारा हा माणूस आता दोन घासांत हात धुवायला उठे. पोस्टाच्या खिडकीवर पस्तीस वर्षं जगाशी गप्पा मारल्या, आणि आता दिवसभर भिंतीकडे तोंड.

आणि अशात एका सोमवारी त्याची पॅन्ट कमरेत बसेना. बाईंना कोण आनंद झाला! दवाखान्याने रोज वजन करायला सांगितलं होतं, पण तो काटा त्यांनी केव्हाच पलंगाखाली सरकवला होता. जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या बाईला टेपपुढे काट्याचं काय कौतुक? शिलाईतलं जादा कापड उसवून त्यांनी कंबर अर्धा इंच सोडली. गुरुवारी आणखी पाऊण. नवरा अंग धरतोय, हे नणंदेला फोन करून सांगूनही झालं. माप घेताना त्या चक्क गुणगुणत होत्या. तो हात वर करून मुकाट उभा होता.

शनिवारी वजन विचारायला दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. बाईंनी मोठ्या फुशारकीने इंच सांगितले. नर्स म्हणाली, त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघा.

बाईंनी दाबला. कणकेत पडावा तसा खळगा पडला. अंगठा उचलला तरी तो भरेना.

इस्पितळात पाच दिवसांत त्याच्या अंगातून नऊ किलो पाणी निघालं. छातीवर बसत होतं तेही पाणीच, असं डॉक्टर म्हणाले. ते ओसरल्यावर खाटेवर जो उरला, त्याला बाईंनी गळ्यापर्यंत चादर ओढून दिली. एवढासाच राहिला होता तो, आणि आपण कापड सोडत बसलो.

सहाव्या दिवशी तो आडवा झोपला, आणि उठून भूक लागली म्हणाला. चमच्याने भात भरवताना बाईंना राहवेना.

"अहो, मला मेलीला कळलं नाही. पण पाय सुजलेत हे तुम्हाला तर कळत होतं ना?"

"कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने घास सावकाश गिळला. "वर्षभरात तुला हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, राहू दे अजून दोन दिवस."

तो घरी आला, बऱ्यापैकी जेवू-झोपू लागला. पण त्याच्यासमोर हसू आलं की बाईंना आता धडकी भरते.