पिवळ्या चिठ्ठीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि मला स्वतःची किळस येते.

चाकणच्या एका शेडमध्ये, गाड्यांच्या दरवाजांच्या उरलेल्या पत्र्यातून माझा जन्म झाला. पुढची अकरा वर्षं मी एका कारखान्याच्या कॅन्टीनबाहेर तक्रारपेटी म्हणून टांगलेली होते. कामगार लिहीत, डाळ पातळ आहे, बस उशिरा येते, सुपरवायझर आईवरून बोलतो. काही जण गुटख्याच्या पुड्याही कोंबत. त्या घाणीचं मला कधी काही वाटलं नाही. कारखाना हलला, मी भंगारात गेले आणि तिथून चऱ्होलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आले. मला गुलाबी रंग फासला, वर लिहिलं, ‘मन मोकळं करा’. पाहुणे आले की माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. ओकारी यावी इतकं कौतुक झालं माझं.

माझी चावी प्रभावती मॅडमकडे. समता म्हणा, मुलांचं मानसिक स्वास्थ्य म्हणा, सगळ्या समित्यांवर त्याच. यंदा ‘संवाद सप्ताह’ निघाला तेव्हा वर्गावर्गात जाऊन त्यांनी सांगितलं की मनातलं लिहा, नाव गुप्त राहील. चिठ्ठ्या त्यांनीच वाटल्या. बाकीच्यांना पांढऱ्या, राखीव जागांवरच्या मुलांना पिवळ्या. का, तर अहवालात ‘त्यांच्यातले’ किती बोलले तो आकडा लागतो. यात काही चुकतंय असं बाईंना वाटलंसुद्धा नाही.

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मुली पाचच. पिवळी चिठ्ठी त्यांतल्या एकटीला, रहाटणीच्या मैत्रीला. तिला वाटलं, पांढरे कागद संपले असतील. बोलायला ती इतकी आसुसली होती की तिने सगळं लिहून टाकलं. ‘आधी आडनाव विचारलं, मग प्रोजेक्टच्या ग्रुपमधून काढलं. जेवताना बाकीच्या मुली डबे सरकवून घेतात. दोन महिने मी बाथरूममध्ये उभ्याने जेवते. कॉलेज सोडावंसं वाटतं.’

तिचा अख्खा वर्ग सभागृहात बसवून मॅडमनी मला उघडलं आणि ती चिठ्ठी माइकवर वाचली, आवाजात कळवळा आणून. हातात पिवळा कागद, मजकूर मुलीचा. सगळ्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या. मागून तिच्याच वर्गातला रणजीत बोलला. त्याच्या घरच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत.

“एवढंच ना? ये की आमच्यात जेवायला. फक्त डबा घरी ठेव म्हणजे झालं.”

सभागृह हसलं. मॅडमही हसल्या. मस्करी मनावर घेऊ नये, आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं म्हणाल्या. त्यावर टाळ्या पडल्या. थू!

मैत्री उभी राहिली. “मॅडम, माझी चिठ्ठी परत द्या.”

“अगं, ती आता रेकॉर्डला गेली.”

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या खिडकीशी आली. मी तिथेच टांगलेली असते. तिच्या हातात दोन अर्ज होते. एक कॉलेज सोडण्याचा दाखला मागणारा. दुसरा रणजीत आणि मॅडम, दोघांविरुद्ध, खाली तिचं पूर्ण नाव आणि सही. तिचे वडील किसन एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये कामाला, युनियनमध्ये मुरलेले. कुठला अर्ज द्यायचा ते तू ठरव, पण पोच घेतल्याशिवाय हलू नकोस, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

खिडकीशी तिने दोन्ही अर्ज पुन्हा एकदा वाचले. मग दाखल्याचा अर्ज घडी करून सॅकमध्ये टाकला आणि दुसरा आत सरकवला. कारकुनाने तो वाचला. सुस्कारा सोडून म्हणाला, “ताई, असलं काही असेल तर त्या पेटीत टाकायचं.”

“पेटीची पोच मिळत नाही,” मैत्री म्हणाली. “शिक्का मारा.”

तो केबिनमध्ये जाऊन आला, फोन केले, पाणी प्याला. मागे रांग वाढली, कुरकुरली. मैत्री हलली नाही. शेवटी शिक्का आदळला.

मित्रांनो, तुमच्या कॉलेजात माझ्यासारखी एखादी टांगलेली असेल, तर तिच्या रंगाला भुलू नका. चावी कुणाकडे आहे ते आधी विचारा. आणि वर्गात कुणी एकटी जेवताना दिसली, तर पेटी उघडायची वाट बघू नका. जाऊन तिच्या डब्यातलं मागून खा.