बाळंतिणीची खोली

वेणीत अडकलेली सरकी... काळसर, अंगावर रुईची बारीक लव अजून तशीच. पार्बताबाई ती नखानं काढू बघत होत्या. अंगणात कापसातली सरकी काढायच्या चरख्या करकरत होत्या, दाराशी अकोल्याच्या दलालाचा माणूस खोळंबला होता, तरी त्या उठल्या नव्हत्या. लेक कौशल्या मोर्शीच्या सासरहून माहेरी आली होती, दुपारी तिची बैलांची दमणी परत निघायची होती, आणि या मुक्कामात तिच्या केसांना आपला हात आज पहिल्यांदाच लागतो आहे, हे त्यांना आत्ता, वेणी सोडताना कळलं होतं.

पूर्वी एकच चरखी होती, निंबाखाली. त्यांचे यजमान जानराव दांडा फिरवायचे, त्या कापूस लावायच्या, आणि कौशल्या रुईच्या ढिगात झोपून जायची — उठायची ती पांढऱ्या भुवया घेऊन. "आली पाहा म्हातारी," जानराव म्हणायचे, आणि तिघंही हसत सुटायचे... काय होतं तेव्हा? काहीच नव्हतं; कापसाला कुणी विचारत नव्हतं, म्हणून बोलायला वेळ होता. मग कुठं साता समुद्रांपलीकडं लढाई पेटली म्हणे, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. त्याच साली जानराव तापात गेले. ही आता चरखी विकणार, असं सगळी उमरावती म्हणत होती. त्यांनी विकली नाही, उलट चरख्या वाढवल्या. कुणासाठी? पोरीसाठीच की. पोरीचं लग्न थाटात झालं... हळद लावायला वलगावची आत्या होती. विधवेचे हात चालत नव्हते म्हणून. निदान त्या तेच कारण धरून होत्या.

"माय, एक सांगायचं होतं."

"सांग नं."

"मले दिवस गेले हायेत."

हात केसांतच थांबले. मग एकदम सगळं धावून आलं — सुईण, डिंक, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी... "आन् आता सांगतं? कावून नाई सांगितलं आल्याबरोबर?"

"तू कुठं सापडतं?" कौशल्या म्हणाली. रागानं नाही, आज ऊन आहे म्हणावं तसं. "पन बाळंतपणाले मी वलगावले जाईन. आत्याले विचारलं. ती हो म्हनली."

"तिले आधी सांगितलं?"

"ती घरी रायते, माय."

लोक काय म्हणतील, हे ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. कारण लोकांचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, वाटत होतं ते वेगळंच, आणि त्याला नाव सापडत नव्हतं.

"पयलं बाळंतपण माहेरीच होते, पोरी. मागची खोली हाय नं आपली."

"त्या खोलीत कापूस हाय."

तेवढ्यात मुकादम भगवंत दारात आला. "बाई, अकोल्याचा मानूस चालला. आन् गाड्या आल्या, माल कुठं उतरवू? मागच्या खोलीत थोडी जागा हाय अजून."

त्या उठल्या. पाठीमागे कौशल्यानं केस पुढं घेतले आणि सराईतपणे स्वतःच वेणी घालू लागली.

खोलीचं दार पुरतं उघडेना. आतून कापूस रेटत होता, आढ्यापर्यंत. इथं, याच भिंतीला लागून कौशल्याच्या वेळची बाज होती... खाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि बाहेरून जानरावांचा अधीर आवाज, "काय झालं? अवं, सांगा तरी काय झालं!" — आणि आपल्याला हसू येत होतं, एवढ्या वेणांतून सुटल्यावरही हसू...

"बाई?" भगवंत.

"थांबव गाड्या."

"कुठवर?"

खोली रिकामी करता येईल. पण मग पोर येईल? की येईल, आणि आपणच पुन्हा अंगणात असू...

त्यांनी फटीतून हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. भिंत लागत नव्हती. कापूस उबदार होता, मऊ होता, दंडाला बिलगत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा पार्बताबाईंना त्याची भीती वाटली.