खोडलेला डाग

वेधशाळेत सूर्यावरचे डाग रोज कागदावर उतरवायचं काम बाईंकडे होतं. दुर्बिणीतून फळीवर बिंब पाडायचं आणि टोकदार पेन्सिलीने डाग गिरवायचे. एकोणीस वर्षांत त्यांची रेघ हलली नव्हती. म्हणूनच त्या सकाळी मागचे कागद बघितले तेव्हा त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

आठ दिवसांपूर्वी दोन डाग एकाच रेखांशावर दिसले होते, एक मध्यरेषेजवळ, दुसरा बराच खाली. रोज दोन्ही पुढे सरकत, पण खालचा मागे पडे. आता तर चांगला बोटभर. आणि कोणीतरी पहिल्या दिवसानंतरच्या प्रत्येक कागदावर तो खोडून वरच्याच्या बरोबरीला आणून ठेवला होता.

"साहेब, हे कोणी केलं?"

"मी," प्रमुख मान वर न करता म्हणाले. "सूर्य अख्खा एकाच चालीने फिरतो, माझ्या पुस्तकात आकड्यांसकट दिलंय. तुमचा हात घसरतोय, बाई. वय झालं की होतं."

बाई पंचेचाळिशीच्या, साहेब चौपन्न वर्षांचे.

"मग उद्या तुम्हीच उतरवा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी उतरवलं. खालचा डाग त्यांच्याही पेन्सिलीखाली बोटभर मागेच आला. त्यांनी रबर उचलून तोही खोडला.

"कागद सरकला असणार."

"चार टाचण्या आहेत त्याला. त्यापेक्षा सूर्यालाच तुमचं पुस्तक वाचून दाखवा, सुधारेल बिचारा."

"उद्यापासून ग्रंथालयात बसा."

जाण्याआधी बाईंनी शाईची दौत घेतली. पेन्सिलीचा दाब अजून कागदावर उमटलेला होता. खोडलेल्या प्रत्येक कागदावर तिथे फुली मारून त्यांनी लिहिलं, 'डाग इथे होता. प्रमुखांनी खोडला.' खाली सही ठोकली.

"एका ठिपक्यापायी नोकरीवर पाणी सोडशील," थोरला भाऊ घरी म्हणाला.

"ठिपका माझा असता तर सोडलाही असता, दादा. सूर्याचा आहे."

सहा वर्षं बाई ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ झटकत होत्या. मग साहेब निवृत्त झाले. नव्या प्रमुखांनी ते कागद मोजले, मध्यरेषेपासून दूरचे डाग सावकाश फिरतात हे बाईंच्या नावानिशी छापलं आणि त्यांना परत दुर्बिणीवर बोलावलं.

महिन्याभराने जुन्या साहेबांचं पत्र आलं, बहुधा अभिनंदनाचं. अक्षर ओळखून बाईंनी ते न फोडताच टपालवाल्याच्या हातात परत दिलं.

"घेणार नाही म्हणून लिहा," त्या म्हणाल्या, "आणि शाईने लिहा."