सुईवरचं नाणं

बुद्धरत्नने आयुष्यात कधी स्क्रू-ड्रायव्हर धरला नव्हता. पोलादपूरच्या शाळेत क्लार्क, हयात सगळी रजिस्टरं ओढण्यात गेलेली. अशा माणसाने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रेकॉर्डप्लेयर दुरुस्त करायला घ्यावा, म्हणजे कमालच. पण हौस म्हणून नाही. घरात एक रेकॉर्ड होती आणि आईचे कान चालले होते.

रेकॉर्ड छोटी, दोन बाजूंना दोन गाणी. एका बाजूला त्याच्या वडिलांचा, काशीरामचा आवाज. काशीराम मुंबईला गोदामात हमाली करायचा आणि रात्री गायनपार्टीत गायचा. पार्टीने वर्गणी काढून बाबासाहेबांवरच्या गाण्यांची ही रेकॉर्ड काढली, आणि वर्षाच्या आत काशीराम काविळीने गेला. बुद्धरत्न तेव्हा अकरा महिन्यांचा. जानकीबाई पोर आणि रेकॉर्ड घेऊन दासगावला आली ती आलीच. घरात वाजवायला यंत्र नव्हतं, आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन नवऱ्याचा आवाज ऐकायला ती तयार नव्हती. एकवीस सालच्या पुरात रेकॉर्ड ठेवलेली ट्रंक तीन दिवस चिखलात होती. पाणी ओसरल्यावर म्हातारीने भांडीकुंडी विचारली नाहीत, आधी रेकॉर्ड विचारली.

या वर्षी महाडच्या कानाच्या डॉक्टरने सांगितलं, नस सुकत चाललीय, मशीनचाही फार दिवस उपयोग नाही. घरी येताना एसटीत म्हातारी म्हणाली, "बाबू, कान हाय तवर एकदा तुज्या बापसाला ऐकव रे. मग बंद झाला तरी चालल."

झालं. बुद्धरत्न कामाला लागला. पोलादपूरला एका भंगारवाल्याकडे दोन प्लेयर निघाले. एक पोपडे उडालेला, कळकट. दुसऱ्याची पेटी कशी, आरशागत चमकत होती. आमच्या या शहाण्याने चमकणारा उचलला. तो घेऊन महाडला शरच्चंद्रकाकांकडे गेला. काकांचं रेडिओचं दुकान कधीच बंद पडलेलं, पण हात अजून शाबूत. त्यांनी भिंग लावून सुई पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अरे, लाकूड काय बघतोस? पोरीला स्थळ बघतोयस की काय? प्लेयर घेताना आधी सुईचा दांडा बघायचा आणि सुई बघायची. ही सुई नाही, खिळा आहे."

मग त्यांनी त्याला एकेक शिकवलं. रेकॉर्ड ठेवतात ती थाळी काढायची, वाळून घट्ट झालेलं जुनं ग्रीस रॉकेलने पुसायचं, थाळी फिरवणारं रबरी चाक दगडासारखं झालंय ते काचकागदाने हलकं घासायचं. बुद्धरत्न दर रविवारी ओटीवर पेटी उघडून बसायचा. दोन महिने गेले. बोटं सोलली, एकदा शॉक बसला, बारकी स्प्रिंग उडाली ती त्याच्या लेकीने, निशाने, शेणाच्या टोपलीत शोधून काढली. थाळी पहिल्यांदा आपली आपण फिरली तेव्हा हा गडी दहा मिनिटं नुसता तिच्याकडे बघत बसला. रेकॉर्ड साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवली. राहिली फक्त सुई.

"मुंबईला सांगितलंय," काका म्हणाले. "दहा दिवस लागतील. तोवर त्या रेकॉर्डला हात लावायचा नाही. कळलं?"

कळलं होतं. पण शनिवारी तो शाळेतून आला, आणि पाठमोऱ्या आईला तीन हाका मारल्या तरी तिने वळून पाहिलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली. "कवा आलास?" म्हणाली. दहा दिवसांत उरलंसुरलंही गेलं तर? मग ती सुई काय चाटायची आहे?

रविवारी सकाळी त्याने आईला खुर्चीवर बसवलं, मशीन कानात नीट बसवलं आणि रेकॉर्ड थाळीवर ठेवली. निशाने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून पेटीशेजारी ठेवला. जुनीच सुई टेकली आणि टुणकन उडाली. परत टेकवली, परत उडाली. काही केल्या ठरेना.

जानकीबाई बघत होती. म्हणाली, "मुंबैला शेजारचा वाजवायचा ना, तो वर पाच पैशे ठेवायचा. मग नाय उडायची."

पाच पैसे आता कुठून आणायचे? ते तर कागदासारखे हलके असायचे. बुद्धरत्नने खिशातून पाच रुपयांचं जुनं जाडजूड नाणं काढलं आणि दांड्याच्या डोक्यावर ठेवलं. सुई मुकाट बसली.

आधी खरखर, मग ढोलकी, मग बाजाची पेटी. मग एक माणूस गायला लागला. निशाने तोंडावर हात ठेवला. बुद्धरत्न आईकडे बघत होता.

"आये, येतंय का ऐकू?"

"काय?"

"आवाज! येतोय का?"

तिने मान हलवली. नाही. त्याने आवाज वाढवला. सुई पुन्हा सुरुवातीला नेली. तिची खुर्ची जवळ ओढली. पुन्हा लावली. मशीन डाव्या कानातून काढून उजव्यात घातलं. पुन्हा लावली. "आता? आये, आता?" तिचा चेहरा काही हलेना. आणि हा मात्र हट्टाला पेटला. निशा म्हणाली, "पप्पा, आवाज फाटायला लागलाय." त्याने ऐकलं नाही. सात वेळा लावली.

शेवटी जानकीबाईनेच त्याचा हात धरला. दुसरा तळवा तिने पेटीवर ठेवला.

"वाजतंय," ती म्हणाली. "हाताला लागतंय. कानाला नाय येत. ऱ्हाऊ दे. तू ऐकलास ना? सांग, कसा गातोय?"

बुद्धरत्नला सांगता येईना. सात वेळा त्याचा बाप त्याच्या हाताखाली गायला, आणि सातही वेळा हा आईचं तोंड बघत होता. जन्मात बापाचा आवाज त्यानेही ऐकला नव्हता, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली त्याला, आणि फार भीती वाटली.

त्याने आठव्यांदा सुई ठेवली आणि पेटीला कान लावला. नुसती फरफर. ढोलकी कुठे आणि गाणं कुठे, काही उमजेना. त्याने रेकॉर्ड उचलून उजेडात धरली. काळ्यावर करडा पट्टा उमटला होता, आणि सुईच्या टोकाला काळा भुगा चिकटला होता. तो त्याने चिमटीत धरला.

"मोबाइल," तो म्हणाला. "निशा, तुझ्या मोबाइलमध्ये आहे ना? पहिल्यांदाचं आहे ना?"

तिने लावलं. खरखर, ढोलकी, पेटी. एक पुरुषी आवाज चढला, अर्धी ओळ आली, आणि त्याच्यावर दुसरा आवाज आदळला. आये, येतंय का ऐकू? आवाज! येतोय का? मागे कुणीतरी गात होतं खरं, पण शब्द लागत नव्हते. तिने पुढे सरकवलं. आता? आये, आता? शेवटपर्यंत तेच.

"पप्पा," निशा हळू म्हणाली, "यात सगळीकडे तुम्हीच आहात."

जानकीबाई दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. "सांग की रे," ती म्हणाली. "कसा हाय?"

"माझ्यासारखा," बुद्धरत्न म्हणाला.

"काय?"

त्याने दांड्यावरचं नाणं उचलून खिशात टाकलं, आईच्या कानाशी वाकला आणि तेच पुन्हा मोठ्याने ओरडून सांगितलं. तिला तेही ऐकू आलं नाही.